बॅटलस्टार गॅलॅक्टिका, पहिला सीझन: ‘वॉटर’ गाळू नका

प्रश्न असा आहे: ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिकाच्या पहिल्या सीझनमधले सगळ्यात चांगले चार-पाच भाग कोणते? तेराही बघायला वेळ नाही. पहिला ‘३३’ जबरदस्त आहे असं ऐकलंय, पण दुसरा ‘वॉटर’ रटाळ आहे म्हणतात. तो गाळला तर चालेल का?’

नाही चालणार. ‘वॉटर’ला भरतीचा भाग म्हणणाऱ्यांशी माझं कधीच पटलेलं नाही, आणि ते का हे सांगायचं तर सुरुवात ‘३३’पासूनच करावी लागते.

सायलॉन नावाच्या यंत्रमानवांनी माणसांचा जवळजवळ संहार केलाय, आणि उरलेली माणसं युद्धनौका गॅलॅक्टिका आणि तिच्यासोबतच्या नागरी अवकाशजहाजांच्या ताफ्यातून पळतायत, अशी ही मालिका. ‘३३’ची मांडणी एका ओळीची आहे. ताफा प्रकाशवेगापलीकडची उडी मारतो आणि बरोबर ३३ मिनिटांनी सायलॉन तिथे हजर होतात. परत उडी, परत ३३ मिनिटं. भाग सुरू होतो तेव्हा अशा २३७ उड्या झालेल्या आहेत. गुणाकार करून बघा: ७,८२१ मिनिटं, म्हणजे १३० तासांच्या वर, साडेपाच दिवसांना थोडे कमी. भागातही पाच दिवस आणि १३० तास हेच बोललं जातं. लेखकाने आकडा हवेतून काढलेला नाही, आधी हिशोब करून मग संवाद लिहिलेत.

आणि ही ३३ मिनिटं विश्रांतीची नसतात. उडी झाली की प्रत्येक जहाज पोचलं का याची मोजणी. पुढच्या उडीचे निर्देशांक काढून सगळ्यांना कळवायचे. वायपर विमानांत इंधन आणि दारूगोळा भरायचा. हल्ला आला की वायपर बाहेर, आधी नागरी जहाजांनी उडी मारायची, मग वायपरनी जवळजवळ आदळतच परत उतरायचं आणि गॅलॅक्टिका सगळ्यात शेवटी. यात झोप कुठे बसते? म्हणून वैमानिकांना जागं राहायच्या गोळ्या दिल्या जातात, आणि वैमानिक कारा त्या घ्यायला तयार नसते तेव्हा तिचा वरिष्ठ ली याला तिला हुकूम सोडावा लागतो. २३८ व्या उडीनंतर मोजणीत एक जहाज कमी भरतं: ऑलिंपिक कॅरियर, १,३४५ माणसं. आणि ते नसताना घड्याळात ३३ मिनिटं उलटून जातात, तरी सायलॉन येत नाहीत. पुढचं तुम्ही बघाच. एवढंच सांगतो की लीने जे केलं ते बरोबर होतं असं माझं स्पष्ट मत आहे. ‘खिडक्यांत कोणी दिसलं नाही, म्हणजे जहाज रिकामंच असणार’ असं म्हणून त्याची सुटका करणारे लोक त्या भागाचं सगळं वजनच काढून घेतात. त्याला कोणी दिसलं नाही, याचा अर्थ कोणी नव्हतं असा होत नाही, आणि त्यालाही ते ठाऊक आहे.

३३च का, याचं उत्तर मालिकेत कुठेही नाही. शोधत बसू नका. मालिकेचा कर्ता रॉनल्ड मूरने ते मुद्दाम दिलेलं नाही.

आता नीट बघायची वस्तू: राष्ट्राध्यक्ष रोझलिनच्या विमानातला पांढरा फळा. त्यावर मार्करने एकच आकडा लिहिलेला असतो, जिवंत माणसांचा. भागाच्या सुरुवातीला ५०,२९८. शेवटी तो ४७,९७२ पर्यंत उतरलेला असतो, तेव्हा तिचा सहायक बिली येऊन सांगतो की आज सकाळी रायझिंग स्टार या जहाजावर एक मुलगा जन्मला. रोझलिन उठते, शेवटचा आकडा पुसते आणि दोनाचे तीन करते. ४७,९७३. पहिल्या सीझनचं सगळं कथानक या फळ्यावरून चालतं. लढाया त्यानंतर.

म्हणूनच ‘वॉटर’. माणसं मोजून झाली, आता ती जगणार कशावर? गॅलॅक्टिका ही युद्धनौका, तिच्यावर पाणी जवळजवळ पूर्ण शुद्ध करून पुन्हा वापरता येतं. ताफ्यातली बाकीची जहाजं इतका दीर्घ प्रवास करायला बांधलेलीच नाहीत, त्यांना पाणी बाहेरून भरावं लागतं. थोडक्यात, गॅलॅक्टिका हा सगळ्या ताफ्याचा टँकर आहे. व्हर्गॉन एक्सप्रेस या जहाजाला पाणी देत असतानाच तिच्या टाक्या फुटतात आणि जवळजवळ ६० टक्के पाणी अवकाशात जातं. एका प्रसंगात ताफ्याची आठवड्याची गरज वाचून दाखवली जाते: ८२ टन धान्य, ८५ टन मांस, ११९ टन फळं, ३०४ टन भाजीपाला, २५ लाख जेपी (मालिकेतलं पाण्याचं माप) पाणी. अवकाशातल्या मालिकेत किराणा मालाची यादी वाचतात आणि ती ऐकताना पोटात गोळा येतो, हे दुसऱ्या कोणत्या मालिकेने करून दाखवलंय?

शिवाय गॅलॅक्टिकावरची वैमानिक बूमर. ती ओल्या कपड्यांत भानावर येते, पिशवीत स्फोटकाचं साहित्य, आणि मधलं काहीच आठवत नाही. पुढे पाणी शोधायला तिलाच पाठवतात. उपकरणावर पाणी दिसतंय, शेजारी तिचा सहकारी क्रॅशडाउन बसलाय आणि तिच्या तोंडून ‘सापडलं’ हा शब्द निघत नाही. हात सीटखाली जातो. बूमर झालेल्या ग्रेस पार्कचा चेहरा त्या अर्ध्या मिनिटात बघा. एका शब्दासाठी एवढी झटापट चालली असताना या भागाला रटाळ म्हणायचं?

तरी कोणी म्हणेल, पुढचं कळायला त्याची गरज काय? गरज अशी: पाणी सापडतं ते बर्फ, तेही एका चंद्रावर. तो फोडायला मजूर लागतात. मजूर कुठून आणायचे, तर अ‍ॅस्ट्रल क्वीन या कैदी जहाजावरच्या जवळजवळ १,५०० कैद्यांतून. तो झाला तिसरा भाग, ‘बॅस्टिल डे’. त्यात कैद्यांचा म्होरक्या टॉम झॅरेक म्हणजे रिचर्ड हॅच, १९७८ च्या मूळ मालिकेतला अपोलो. ‘अ‍ॅक्ट ऑफ कंट्रिशन’मध्ये हँगरवर अपघात होऊन १३ वैमानिक जातात, म्हणून नवे तयार करायची वेळ येते आणि काराचा जुना अपराध वर येतो. ‘यू कान्ट गो होम अगेन’मध्ये एका माणसासाठी किती इंधन जाळायचं हाच वाद आहे. ‘द हँड ऑफ गॉड’मध्ये इंधनच संपत आलेलं असतं, ते सायलॉनच्या ताब्यातल्या लघुग्रहावरून आणायचं. लढाईच हवी असेल तर हा भाग सीझनमधला सर्वोत्तम, आणि संगीतकार बेअर मॅक्रीरीचं आयरिश वळणाचं संगीत इथेच पहिल्यांदा कानावर पडतं. पण टायलियमसाठी, म्हणजे त्या इंधनासाठी, माणसं जीव का टाकतात हे कळायला आधी पाणी संपलेलं बघितलेलं असावं लागतं.

तर माझी यादी: ‘३३’, ‘वॉटर’, ‘यू कान्ट गो होम अगेन’, ‘फ्लेश अँड बोन’, ‘द हँड ऑफ गॉड’ आणि शेवटचा जोडभाग ‘कोबोल्स लास्ट ग्लीमिंग’. ‘फ्लेश अँड बोन’बद्दल लिहायला लागलो तर दुसरं उत्तर होईल. एका खोलीत दोन माणसं, त्यांच्यामध्ये पाण्याची बादली, बस. वेळ नसेल तर ‘टाय मी अप, टाय मी डाउन’ सोडा. तो मालिकेतला मुख्य नट एडवर्ड जेम्स ओल्मोसने स्वतः दिग्दर्शित केलाय, पण विनोद जमलेला नाही.

एक मात्र आधीच सांगायला हवं होतं. डिसेंबर २००३ मधली दोन भागांची, साधारण तीन तासांची मिनीसिरीज बघितल्याशिवाय ‘३३’ लावू नका. बूमर कोण आहे ते तिच्या शेवटच्या दृश्यात कळतं, त्याशिवाय ‘वॉटर’ची सुरुवात डोक्यावरून जाईल. कॅप्रिका ग्रहावर मागे राहिलेल्या हेलो या अधिकाऱ्याचं उपकथानक पहिले काही भाग फारच संथ चालतं, हेही खरं. ते पुढे जाऊन फळतं. चित्र दाणेदार दिसेल, ते तसंच ठेवलेलं आहे. टीव्हीतलं ‘मोशन स्मूदिंग’ (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सोय) बंद करा. आणि शीर्षकसंगीतात गायत्री मंत्र ऐकू आला तर दचकू नका, तोच आहे, उच्चार वेगळे असले तरी. मंत्र संपून ढोल सुरू झाले की मात्र नजर फिरवा, कारण त्या काही सेकंदांत त्याच भागातली पुढची दृश्यं भराभर दाखवून टाकतात.