एक लोकल रखडली की मागच्या सगळ्या का रखडतात?

दोष बहुतेक वेळा गाडीच्या वेगाचा नसतो. वेळ जातो तो फलाटावर.

समजा, दर 3 मिनिटांनी गाडी आहे. तेवढ्यात पुढच्या गाडीने थांबायचं, सुटायचं, पुढचं सुरक्षित अंतर मोकळं करायचं आणि मगच मागचीला सिग्नल मिळणार. थांबा 30 सेकंदांचा धरलेला असतो. कुणीतरी बंद होणारं दार अडवतं, आत जागा असूनही माणसं दारापाशीच उभी राहतात आणि 50 सेकंद जातात. मागची गाडी लाल सिग्नलला उभी. ती उशिरा पोचेपर्यंत पुढच्या स्टेशनवर गर्दी वाढलेली, म्हणून तिथेही चढउतार लांबते. उशीर असा स्वतःच वाढत जातो, आणि शेवटच्या स्टेशनवर राखीव वेळ नसेल तर परतीच्या फेरीतही उतरतो.

म्युनिकचं उदाहरण बघा. तिथल्या एस-बानचे, म्हणजे उपनगरी लोकलचे, जवळपास सगळे मार्ग 1972 साली सुरू झालेल्या एकाच दुपदरी बोगद्यातून जातात, एका दिशेला तासाला 30 गाड्यांपर्यंत. म्हणून मुख्य स्टेशनवर गाडीच्या दोन्ही बाजूंना फलाट केलेत, एकीकडून उतरा, दुसरीकडून चढा. मला हा उपाय फार आवडतो, पण जुन्या स्टेशनांत तेवढी जागा क्वचितच असते.

तुम्हाला घाई नसेल तर रखडलेली, खच्चून भरलेली गाडी सोडा. तिच्या मागची बहुधा बरीच मोकळी असते.