वडा सीगलने नेला त्याबद्दल

प्रिय रेवा,

रविवारी रात्री तू जे विचारलंस त्यावर मी "झोप आता" म्हणाले. ते काही उत्तर नव्हतं. म्हणून हे लिहून तुझ्या त्या ग्रीक पाताळाच्या पुस्तकातच ठेवते आहे.

सर्वपित्रीला मी मागच्या भिंतीवर तुझ्या आबाआजोबांची वाडी ठेवली. भात, खीर, गवारीची भाजी, वडा. ॲबर्डीनच्या कावळ्यांना त्याचं काय! सीगल आला आणि वडा घेऊन गेला. तू म्हणालीस, "आबांनी पथ्य सोडलं वाटतं." मी केवढ्यांदा ओरडले तुझ्यावर. आणि रात्री पांघरुणाच्या आतून तू विचारलंस, "पुस्तकातल्या मेलेल्यांवर आपण दोघी हसतो. मग आपल्या मेलेल्यांवर का नाही?"

तुझं पुस्तक मीही चोरून वाचते, खुणेचा कागद हलतो तो माझ्यामुळे. सुट्ट्या पैशांवरून भांडणारा तो नावाडी मला फार आवडला. तीन डोक्यांच्या कुत्र्याचं म्हणशील तर आपल्या यमाकडे कुत्रे दोन आहेत, आणि ऋग्वेदाच्या १०व्या मंडलात म्हटलंय की दोघांना चार-चार डोळे. म्हणजे तुमचे ६, आमचे ८. (हे शाळेत सांगच असं नाही.)

पण मी यमलोक पहिल्यांदा पाहिला तो ऋग्वेदात नव्हे, इंदुरात, ट्रकवर. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघायच्या. आता गिरण्या बंद पडल्यात, झांक्या मात्र अजून निघतात. आम्ही कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, म्हणजे होळकरांच्या समाध्यांपाशी, सतरंजी टाकून, शेवेचा पुडा मध्ये ठेवून बसायचो. त्या वर्षी एका झांकीत यमाचा दरबार होता. लाल-हिरव्या बल्बांच्या माळा, वहीत लिहिणारा चित्रगुप्त, आणि मोटरवर मान डोलवणारा रेडा. नेमकी आमच्यासमोर मोटर अडकली. रेड्याचं तोंड आभाळाकडे. मागून एक कामगार उतरला आणि त्याने रेड्याच्या मानेवर दोन चापट्या मारल्या. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "भिया, भैंसे को पोहे खिलाओ!" यम तलवारकट मिशांत गंभीरच. माझे आजोबा, नाना, डोळे पुसत हसत होते. ते स्वतः गिरणीत हिशेबनीस. म्हणाले, "हा चित्रगुप्त कच्चा आहे. कीर्द लिहितोय, खतावणी कुठाय?"

मी विचारलं, वैतरणी कुठे दाखवलीच नाही? गरुडपुराणात ती रक्त-पुवाची असते ना. नानांनी पुलाखालच्या खान नदीकडे बोट दाखवलं. "ही काय." त्या नदीला तेव्हा जो वास यायचा त्यावरून मला ते इतकं पटलं की कितीतरी वर्षं मी तो पूल नाक दाबून, पळत ओलांडायचे.

माईला ही थट्टा खपायची नाही. दोन दिवसांवर पितृपक्ष आणि तुम्ही यमावर हसताय, म्हणायची. धनत्रयोदशीला कणकेचा दिवा दक्षिणेकडे तोंड करून तीच लावायची. पण नचिकेताची गोष्ट सांगताना तिचीच जीभ घसरायची. "तीन रात्री पोर दारात उपाशी! आणि त्या घरात कुणी साधं पाणी विचारलं नाही?" यमाच्या वरांपेक्षा तिला त्याच्या बायकोच्या घरकामाची जास्त काळजी.

मी नववीत असताना नाना गेले. दहाव्याला पिंड ठेवला आणि गुरुजी बाजूला व्हायच्या आतच कावळा शिवला. पुरुषमंडळी हलकी होऊन घरी आली. जीव कशात अडकला नव्हता म्हणे. माई कोपऱ्यात बसली होती. म्हणाली, "एवढी घाई? माझ्यातसुद्धा नाही?"

कुणी काही बोलेना. मग तीच खुदकन हसली, आणि मग आम्ही सगळेच. बाळूकाका तर रडत-रडत हसत होता.

तर आमच्या घरात मेलेल्यांवर हसायला बंदी होती असं मी तुला सांगू शकत नाही, आणि तुझ्यावर ओरडताना मी जणू तसंच सांगत होते. फक्त तेव्हा आधी माई हसली होती. हा काही नियम आहे का? मला कुणी शिकवलेला नाही. कदाचित आत्ता स्वतःची बाजू सावरायला मीच तो बनवते आहे.

आबा कावळा होऊन येतात असं मी मानते का, हेही तू मागे विचारलं होतंस. एरवी नाही मानत. वडे तळताना मानते.

आणि एक गोष्ट तुला माहीत नाही. आबांच्या दहाव्याला मला पोचता आलं नाही. मामाने घाटावरून व्हिडिओ कॉल लावला होता. पिंड दिसला, मामाचा अंगठा दिसला, आणि चित्र थांबलं. दहा मिनिटांनी त्याचा मेसेज आला, "आला गं ताई, लगेच आला." आबांचं कशात काही अडकलं नसेल? ज्या माणसाला दाराला कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून पाहावं लागायचं, त्याचं? मी मामाला आजवर विचारलेलं नाही. भिंतीवर वडा ठेवून मी कावळ्याची वाट पाहते ती बहुतेक त्यासाठी. सीगल आला तेव्हा मला त्याचा राग आला, आणि हाताशी तू होतीस.

शनिवारी मामाचा फोन येईल. कावळा खरंच लगेच आला होता का, ते तू विचारशील? तुझ्याशी तो खोटं बोलत नाही. नको वाटलं तर नको विचारूस, मी नाराज होणार नाही.

तो नावाडी शेवटी सुटे परत देतो की नाही ते मात्र सांगू नकोस. माझी अजून चाळीस पानं राहिली आहेत.

तुझी,
आई