जुन्या गाडीला नवं इंजेक्शन : वाचकांचे प्रश्न

कार्ब्युरेटर काढून त्याच जागी बसणाऱ्या थ्रॉटल बॉडी इंजेक्शनच्या किटबद्दल आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेकांनी दोष किटच्या स्क्रीनवरच्या आकड्यांत शोधला आहे. पत्रांतली लक्षणं मात्र पेट्रोलच्या नळीकडे, अर्थच्या वायरीकडे नाहीतर सायलेन्सरच्या जोडाकडे बोट दाखवतात. म्हणून उत्तरंही तिथूनच सुरू होतात.

प्रश्न : माझ्या सहा सिलिंडरच्या गाडीला कॅमवर चालणारा जुना मेकॅनिकल पेट्रोल पंप आहे. किटसोबत इलेक्ट्रिक पंप आला आहे. जुनी नळी आणि टाकी तशीच ठेवून तो बॉनेटखाली बसवला तर चालेल का?

उत्तर : नाही. कार्ब्युरेटरला ०.३ ते ०.५ बार दाब पुरतो. या किटना ३ ते ४ बार लागतो, म्हणजे जवळजवळ दहापट. इंजेक्शनचे पंप पेट्रोल ढकलण्यात तरबेज असतात, ओढण्यात कच्चे. बॉनेटखालचा पंप तीन-चार मीटर लांब नळीतून पेट्रोल ओढू लागला की नळीतला दाब घटतो, गरम पेट्रोलची तिथेच वाफ होते आणि पंप कोरडा फिरतो. पंपाला गारवा आणि वंगण पेट्रोलच देतं, त्यामुळे कोरडा फिरणारा पंप फार दिवस टिकत नाही.

पंपाची सर्वांत चांगली जागा टाकीच्या आत. बाहेरच बसवायचा असेल तर तो टाकीला लागून, तिच्या तळाच्या पातळीखाली, एक्झॉस्टपासून लांब आणि रबरी बुशवर हवा. पंपाच्या आधी १०० मायक्रॉनचा फिल्टर आणि नंतर १० मायक्रॉनचा. हा क्रम उलटू नका. बारीक फिल्टर आधी आला की पंपाला पुन्हा तीच ओढाताण.

नळीच्या बाबतीत काटकसर करू नका. कार्ब्युरेटरची साधी रबरी नळी (तिच्यावर एसएई जे३०आर७ छापलेलं असतं) या दाबासाठी नाही. जे३०आर९ घ्या. टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडून राहणारा तुकडा मात्र जे३०आर१० चाच हवा, कारण आर९ चं बाहेरचं आवरण सतत पेट्रोलात राहण्यासाठी बनवलेलं नसतं. खाचा पाडलेल्या पट्टीची, स्क्रूने आवळायची क्लिप रबर कापते. गुळगुळीत पट्टीची, नट-बोल्टची इंजेक्शन क्लिप वापरा.

दाब राखणारा रेग्युलेटर थ्रॉटल बॉडीतच असेल तर टाकीपर्यंत परतीची नळी लागते. जुनी ६ मिलिमीटरची नळी परतीला वापरण्याचा मोह होतो. पंप ताशी दोन-अडीचशे लिटरचा असेल तर एवढ्या अरुंद नळीतून ते सगळं परत जात नाही. रेग्युलेटर पूर्ण उघडूनही दाब उतरत नाही आणि आयडलिंगला मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) राहतं. जाता-येता दोन्हीकडे ८ ते १० मिलिमीटरची नळी टाका. परतीचं तोंड टाकीत पेट्रोलच्या पातळीखाली आणि पंपाच्या तोंडापासून दूर ठेवा, नाहीतर वरून पडणाऱ्या धारेचा फेस थेट पंपात जातो.

टाकीचं आणखी एक दुखणं असतं. वळणावर पेट्रोल एका बाजूला जातं. कार्ब्युरेटरच्या फ्लोटच्या भांड्यातला साठा तो क्षण निभावून नेतो. इंजेक्शनकडे तसा साठा नसतो. पंपाने क्षणभर हवा ओढली की गाडी आचका देते. टाकीत आडव्या पट्ट्या नसतील तर एक-दोन लिटरची सर्ज टाकी जोडा. टाकीला हवा आत येण्याची वाटही मोकळी आहे ना ते पाहा. जुन्या पंपाच्या भोकावर गॅस्केटसह पत्र्याचं झाकण बसवायचं विसरलात तर तिथून ऑइल गळेल.

इंजिन सुरू करण्याआधी चावी पाच-सहा वेळा नुसती चालू-बंद करा. प्रत्येक वेळी पंप दोन-पाच सेकंद चालून थांबेल. गेजवर दाब दिसला पाहिजे आणि प्रत्येक जोड कोरड्या कागदाने पुसून ओल येते का ते पाहिलं पाहिजे. अग्निशामक हाताशी ठेवा. धडकेत पंप बंद करणारा इनर्शिया स्विच किटमध्ये नसेल तर वेगळा लावा.

प्रश्न : गाडी १९५९ सालची ब्रिटिश आहे. बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला आहे आणि डायनॅमो आहे. किट चालेल का?

उत्तर : आहे तशी नाही. ईसीयूला, म्हणजे इंजेक्शन चालवणाऱ्या संगणकाला, निगेटिव्ह अर्थ लागतो. बॅटरीची जोडणी उलटवताना कॉइलच्या दोन टोकांच्या वायरींची अदलाबदल करा, आणि आरपीएमचा काटा इलेक्ट्रिक असेल तर तोही बदलून घ्या. डायनॅमोला निरोप द्यावाच लागेल. त्या काळचे डायनॅमो जोरात फिरताना साधारण २० ते २२ अँपिअर देतात आणि आयडलिंगला जवळजवळ काहीच नाही. एकटा पंपच ५ ते ८ अँपिअर घेतो. वर इंजेक्टर आणि ऑक्सिजन सेन्सरचा हीटर. अल्टरनेटर लावा. मूळ रूप जपायचं असेल तर डायनॅमोच्या खोक्यात दडवलेले अल्टरनेटरही मिळतात.

प्रश्न : स्क्रीनवर मिश्रण सतत लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) दिसतं, ईसीयू पेट्रोल वाढवत जातो. तरीही प्लग काळे आणि मागे काळा धूर. सेन्सर नवा आहे.

उत्तर : सेन्सर बहुधा निर्दोष आहे, त्याला चुकीचं दाखवलं जातंय. तो पेट्रोल मोजत नाही, एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजतो. एक्झॉस्ट वायू ठोक्याठोक्याने बाहेर पडतात आणि दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी जोडाच्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो, ईसीयू त्याला लीन समजतो आणि पेट्रोल ओततो. मिसफायरही असाच फसवतो. न जळलेल्या पेट्रोलसोबत न वापरलेला ऑक्सिजन बाहेर येतो, म्हणून एक प्लग मेला तरी आकडा लीन दिसतो.

इंजिन थंड असताना सायलेन्सरच्या तोंडातून व्हॅक्यूम क्लीनरने हवा आत फुंका आणि हेडपासून सेन्सरपर्यंतच्या प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा. जिथे बुडबुडे, तिथे दोष. जोड भरायला सिलिकॉन वापरणार असाल तर ऑक्सिजन सेन्सरला चालणारंच घ्या. बाकीच्यांची वाफ सेन्सर मारते.

मग सेन्सरची जागा तपासा. सगळ्या सिलिंडरचे पाइप जिथे एक होतात त्याच्या पुढे, पण पाइपच्या उघड्या टोकापासून किमान ४५ सेंटिमीटर आत. सेन्सर आडव्यापेक्षा निदान १० अंश वर झुकलेला हवा, म्हणजे टोक खालच्या बाजूला राहतं आणि पाइपात साचलेलं पाणी त्यात उतरत नाही. वायरिंग पूर्ण होण्याआधी गाडी फिरवायची असेल तर सेन्सर काढून तिथे १८ मिलिमीटरचा बूच लावा. वीज नसलेला सेन्सर गरम होत नाही आणि काजळीने भरून जातो.

गळती बंद केल्यावर ईसीयूने शिकलेला पेट्रोलचा तक्ता पुसायला विसरू नका. खोट्या आकड्यांवरून ईसीयूने साठवलेली वाढ तशीच राहिली तर दुरुस्त गाडी पहिल्या दिवशी आणखी काळी ओकेल. नव्याने शिकवताना आयडलिंगला १३.५ ते १४, सपाट रस्त्यावर १४.५ च्या आसपास आणि पूर्ण रेसला १२.५ ते १२.८ ही लक्ष्यं (एक भाग पेट्रोलला वजनाने हवेचे भाग) ठेवा. पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असेल तर खरं संतुलन १४.१ च्या जवळ येतं, पण सेन्सर लॅम्डा, म्हणजे मिश्रण त्या संतुलनाच्या किती पट आहे ते, मोजतो आणि पेट्रोलच्या मापात तो आकडा १४.७ च दाखवतो. म्हणून लक्ष्य बदलू नका. इंधन वाचवायला सोळापर्यंत जाण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. जुन्या मॅनिफोल्डमध्ये सगळ्या सिलिंडरला सारखं मिश्रण पोहोचत नाही आणि एकच सेन्सर सगळ्यांची सरासरी सांगतो. त्या सरासरीआड एखादा सिलिंडर बराच जास्त लीन चालत असतो.

प्रश्न : चालता चालता आरपीएम ८०० वरून एकदम ४००० वर उडी मारतो आणि इंजिन बंद पडतं. कार्ब्युरेटरवर हीच इग्निशन उत्तम चालायची.

उत्तर : कार्ब्युरेटरला कान नव्हते. ईसीयूला आहेत, आणि इग्निशनचा विजेचा गोंगाट त्याला आरपीएम वाटतो. तुमच्या गाडीत तांब्याच्या गाभ्याच्या प्लग वायरी असतील तर त्या आधी काढा. रोध असलेल्या, सर्पिल गाभ्याच्या वायरी आणि रेझिस्टर प्लग लावा. ईसीयू आणि त्याची वायरिंग कॉइलपासून आणि प्लग वायरींपासून जेवढी दूर नेता येईल तेवढी न्या. मुख्य वीज आणि अर्थ दोन्ही थेट बॅटरीच्या टोकांवर. स्टार्टरच्या सोलेनॉइडवर नाही, बॉडीवर नाही.

चावीवरून मिळणारी वीज स्टार्टर फिरतानाही चालू राहते ना, हे टेस्टरने पाहा. जुन्या स्विचमध्ये रेडिओ-वायपरची वीज त्या क्षणी तुटते. कॉइलचा व्होल्टेज कमी करणाऱ्या बॅलस्ट रेझिस्टरच्या पुढची वायर घेतलीत तर १२ ऐवजी आठ-नऊ व्होल्टच मिळतील. इग्निशन सीडीआय (कपॅसिटरमध्ये साठवलेल्या विजेने ठिणगी देणारी) असेल तर आरपीएमची वायर कॉइलच्या निगेटिव्हला कधीही जोडू नका. तिथे काहीशे व्होल्ट येतात आणि ईसीयू जळतो. सीडीआयच्या खोक्यावर टॅकोसाठी (आरपीएमच्या काट्यासाठी) वेगळं टोक असतं.

प्रश्न : किट 'आपोआप शिकणारं' आहे म्हणतात. महिना झाला, सकाळी गाडी अजून तीन-चार सेल्फ खाते आणि गरम झाल्यावर आयडलिंग १२०० च्या खाली येत नाही.

उत्तर : दोन वेगळी दुखणी आहेत. ऑक्सिजन सेन्सर ऐकून शिकण्याचं काम इंजिन साधारण ७० अंशांच्या वर गेल्यावरच सुरू होतं. थंड स्टार्ट, गरम होईपर्यंतची वाढ आणि एक्सलरेटर एकदम दाबल्यावरचं जादा पेट्रोल हे तुम्हालाच भरावं लागतं.

आधी आयडलिंग. इंजिन पूर्ण गरम करून स्क्रीनवर आयएसी, म्हणजे आयडल हवेच्या झडपेचा आकडा पाहा. तो २ ते १० टक्क्यांत हवा. शून्य असेल आणि तरी रेस जास्त असेल तर थ्रॉटलच्या पाकळ्या जास्त उघड्या आहेत किंवा कुठूनतरी हवा शिरतेय. मॅनिफोल्डच्या दाबावरून पेट्रोल ठरवणाऱ्या या किटमध्ये हवेच्या गळतीचं लक्षण बहुधा वाढलेली रेस हेच असतं. मॅनिफोल्डचा दाब वाढलेला दिसतो आणि ईसीयू त्या हवेपुरतं पेट्रोलही देतो. ब्रेक सर्व्होची नळी, पीसीव्ही (क्रँककेसमधली वाफ ओढून घेणारी झडप) आणि अडॅप्टर प्लेटचं गॅस्केट तपासा. गळती नसेल तर थ्रॉटलचा स्क्रू पाव फेरा मागे घ्या, चावी बंद करा, थोडं थांबा आणि पुन्हा चालू करा. चावी न फिरवता स्क्रू हलवत राहिलात तर थ्रॉटल सेन्सरचा शून्य जुन्याच जागी राहतो, ईसीयूला तुमचा पाय पॅडलवर असल्यासारखं वाटतं आणि झडप ताबा घेतच नाही. उलट आकडा दहाच्या वर असेल तर स्क्रू पाव फेरा आत.

आता सकाळ. चावी दोनदा चालू-बंद केल्यावर गाडी लगेच लागते? मग पेट्रोल कमी पडतंय. पॅडल पाव भाग दाबल्यावर लागते? मग पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. एका वेळी १० टक्केच बदला आणि एकच आकडा बदला. इंजिन रात्रभर थंड झाल्याशिवाय पुढची चाचणी खरी नसते, म्हणजे दिवसाला एकच प्रयत्न मिळतो. लागून लगेच बंद पडत असेल तर दोष क्रँकिंगच्या नव्हे, स्टार्टनंतरच्या वाढीच्या आकड्यात आहे.

प्रश्न : टायमिंगही (ठिणगीची वेळ) ईसीयूकडे द्यावं का?

उत्तर : पेट्रोलचा तक्ता स्थिर होईपर्यंत नको. नंतर द्यायचं झाल्यास टायमिंग पुढे नेणारी डिस्ट्रिब्युटरची वजनं आणि व्हॅक्यूम अॅडव्हान्स दोन्ही बंद करावी लागतात आणि ठिणगीच्या वेळी रोटर टोपीतल्या टोकासमोर येतो की नाही हे जुळवावं लागतं. जुनी टोपी भोक पाडून तपासायला ठेवा. टायमिंग लाइटने त्या भोकातून रोटर पाहा. टोक दोन खांबांच्या मधोमध दिसलं तर ठिणगी चुकीच्या सिलिंडरला जाईल.