वाळवंटात सापडलेल्या उल्केवर 'एल६, एस३, डब्ल्यू२' असं लिहितात, म्हणजे नक्की काय?

तिन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत, एकेक सांगतो.

एल म्हणजे केमिकल ग्रुप. साध्या कॉन्ड्राइटचे, म्हणजे नेहमी सापडणाऱ्या दगडी उल्कांचे, तीन ग्रुप, एच, एल आणि एलएल, एचमध्ये लोखंड सगळ्यात जास्त म्हणून चुंबक जोरात चिकटतं, एलएलला जेमतेम. पण नुसत्या चुंबकावर कोणी शिक्का मारत नाही, लॅबमध्ये पातळ काप घासून मायक्रोप्रोब नावाच्या यंत्राखाली ऑलिव्हिन या खनिजातलं फायालाइट, म्हणजे त्यातला लोखंडाचा वाटा, मोजतात, एचला साधारण १६ ते २० टक्के, एलला २३ ते २६, एलएलला २७ ते ३२.

६ म्हणजे मूळ लघुग्रहात दगड किती भाजला ते. सगळ्यात कमी भाजलेल्या ३ मध्ये कॉन्ड्र्यूल, म्हणजे ते मोहरीएवढे गोल दाणे, स्पष्ट दिसतात आणि ६ मध्ये आजूबाजूच्या मालात इतके मिसळलेले की शोधावे लागतात.

एस३ म्हणजे अंतराळातल्या टकरीचा धक्का, इथे सौम्यच, ऑलिव्हिनमध्ये सरळ समांतर भेगा दिसतात.

डब्ल्यू२ म्हणजे गंज, अंदाजे २० ते ६० टक्के धातू गंजलाय. सहारातल्या दगडांचं हे नेहमीचंच, वाळवंट कोरडं असलं तरी हजारो वर्षं पडून राहिल्यावर गंजणारच ना, कापला की आत तपकिरी दिसतो.

आणि दगडाच्या नावात एनडब्ल्यूए (नॉर्थवेस्ट आफ्रिका) नंबर असेल तर तो बहुतेक मोरोक्कोच्या बाजारातून आलेला, नेमका कुठे सापडला ते धड माहीत नाही म्हणून वायव्य आफ्रिका एवढंच नाव. असं अधिकृत नाव मिळायला २० ग्रॅम किंवा एकूण वजनाच्या २० टक्के, यातलं जे कमी तेवढा तुकडा उल्का जपणाऱ्या संस्थेत ठेवावा लागतो.