तारकर्लीच्या बुकिंग साइटचा डेटाबेस हलवताना

होमस्टेची बुकिंग साइट मायएसक्यूएल या डेटाबेसवरून पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर न्यायची आहे, डेटा २ जीबी, साइट बंद न ठेवता जमेल का, असं तुम्ही विचारलंय. जमेल, पण एवढ्याशा डेटासाठी त्या भानगडीत पडू नका. साइट चालू ठेवून जुन्या-नव्या दोन्ही डेटाबेसांत एकदम लिहायला गेलं की कधीतरी एकीकडचं लिहिणं फसतं आणि खरं बुकिंग कुठलं ते कळेनासं होतं. जुलैत सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद, पाहुणे तुरळक. चतुर्थीला चाकरमानी यायच्या आत एका रात्री दोन तास बुकिंग बंद ठेवा.

काम घरच्या लॅपटॉपवरून चालवू नका, पावसात लाइट गेली की अर्धवट लटकेल. पीजीलोडर (मायएसक्यूएलमधला डेटा पोस्टग्रेसमध्ये भरणारं साधन) क्लाउडमधल्याच मशीनवर, टीमक्समध्ये चालवा, म्हणजे तुमचं कनेक्शन तुटलं तरी काम चालू राहतं. नवा डेटाबेस ॲपच्याच रीजनमध्ये, म्हणजे क्लाउडच्या त्याच ठिकाणी हवा.

खरा घोळ तारखांत होतो. मायएसक्यूएलच्या डेटटाइम या तारीख-वेळेच्या कॉलमला टाइमझोन नसतो. पीजीलोडर आपणहून त्याचा टाइमझोनवाला टाइमस्टॅम्प करतो आणि डेटाबेसचं कनेक्शन यूटीसीत (भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ) असेल तर भारतीय वेळेलाच यूटीसी समजतो. मग १५ मेच्या संध्याकाळी ७ ला येणारा पाहुणा साइटवर १६ मेच्या रात्री १२:३० ला दिसतो, आणि १५ ची खोली रिकामी! म्हणून पीजीलोडरच्या सूचनांच्या लोड फाइलमध्ये कास्टचा, म्हणजे कॉलमचा प्रकार बदलण्याचा नियम लिहून डेटटाइम आधी टाइमझोन नसलेल्या साध्या टाइमस्टॅम्पमध्ये उतरवा. चेक-इनला नुसती तारीख पुरते, तो कॉलम डेट करून टाका.

दुसरं, मजकुराची तुलना. जुन्याकडे ईमेलमधलं लहान-मोठं अक्षर बहुधा चालून जायचं, पोस्टग्रेसला चालत नाही. लॉगिन अडकतील, तेव्हा ईमेल लहान अक्षरांत करून घ्या. मराठीतही तेच: ‘किनाऱ्यावरचं घर’ यातला ऱ काही कीबोर्ड एक अक्षर म्हणून टाकतात, काही र आणि नुक्ता असा. डोळ्याला सारखाच, पण शोधात सापडत नाही. पोस्टग्रेसच्या नॉर्मलाइज फंक्शनने सगळं एनएफसीत, म्हणजे युनिकोडच्या एकाच ठरावीक रूपात आणा. ते फंक्शन पोस्टग्रेसच्या १३ व्या आवृत्तीपासून आहे.

नव्या ओळीला पुढचा आयडी देणारा आकडा म्हणजे सीक्वेन्स, तो पीजीलोडर स्वतः पुढे नेतो. स्वतःच्या स्क्रिप्टने आयडीसकट ओळी भरल्यात तर मात्र सीक्वेन्स १ वरच राहतो. साइट झकास उघडते, जुनी बुकिंग दिसतात, आणि पहिलंच नवं बुकिंग डुप्लिकेट की, म्हणजे तो आयडी आधीच वापरलेला, म्हणून आपटतं. प्रत्येक टेबलावर सेटव्हॅल चालवून सीक्वेन्स सगळ्यांत मोठ्या आयडीवर आणा.

बुकिंग उघडण्याआधी टेबलागणिक ओळी मोजा आणि महिन्यागणिक ॲडव्हान्सची बेरीज दोन्हीकडे ताडून पाहा. परत फिरायचं तर तेव्हाच. नवी बुकिंग आत आली की जुन्यावर जाणं म्हणजे ती गमावणं. जुना डेटाबेस महिनाभर फक्त वाचण्यापुरता ठेवा.