पदवीच्या चौथ्या वर्षाचा प्रबंध लिहिताना मदत कुणाची घ्यावी?

एकही पान झालेलं नाही आणि मार्गदर्शक सरांकडे जायची भीती वाटते, असं तुम्ही लिहिलंय. जा, फक्त रिकाम्या हाताने जाऊ नका. एक पान लिहून न्या: प्रश्न काय, माहिती कुठून मिळवणार, कुठे अडलंय. "विषय कसा वाटतो?" असं विचारलंत तर "बरा आहे" एवढंच ऐकायला मिळेल. "वीस मुलाखती पुरतील, की प्रश्नावली भरून घेऊ?" असं विचारा, सर खुर्ची पुढे ओढून बसतील. संकोच तर अजिबात करू नका; यूजीसीच्या 2022च्या आराखड्यात संशोधनासह ऑनर्सच्या या प्रकल्पाला 12 क्रेडिट आहेत, सरांचा वेळ हा तुमचा हक्कच आहे.

मुलं ग्रंथपालांना विसरतात, याचं मला फार वाईट वाटतं. कुठला शब्द टाकून शोधायचं हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. शोधगंगा या संकेतस्थळावर पीएचडीचे प्रबंध मोफत वाचता येतात. आपल्या विषयाजवळचा एक उघडा आणि आधी संदर्भसूची वाचा, तुमची निम्मी वाचनयादी तिथेच तयार होईल. त्यातले उतारे मात्र उचलू नका. संदर्भांच्या नोंदी आजपासूनच झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवा, तेही मोफत आहे.

आणि दर शनिवारी एका मैत्रिणीला दोन पानं मोठ्याने वाचून दाखवा. ती जिथे "म्हणजे?" विचारेल, तिथे पुन्हा लिहा.