रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग ही धडधड कसली?

“मॅडम, सगळे रिपोर्ट नॉर्मल आलेत. मग मला होतंय ते काय?”

समुपदेशनाला येणाऱ्यांकडून हा प्रश्न मी सतत ऐकते. कुणाच्या छातीत धडधडतं, कुणाला घशात काहीतरी अडकल्यासारखं होतं, कुणाच्या बोटांना मुंग्या येतात, कुणाचं पोट रोज सकाळी बिघडतं. डॉक्टर तपासतात, काही सापडत नाही, “टेन्शन घेऊ नका” असं सांगतात. माणूस घरी येतो तो जास्तच घाबरून. त्रास तर होता तिथेच असतो, आणि आता तो का होतोय हे सांगणारंही कुणी उरलेलं नसतं.

या प्रश्नाचं उत्तर एका बाईंच्या अनुभवातून देते. त्यांनी परवानगी दिली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

चाळिशी संपत आलेली, नोकरी करणाऱ्या, घरातलं सगळं ज्यांच्यावाचून अडतं अशा त्या. पहिल्या भेटीत त्यांनी एक फाइल माझ्यासमोर ठेवली. ईसीजी, इको, थायरॉइड, हिमोग्लोबिन, सगळं झालेलं. मी डॉक्टर नाही, तरी अशी फाइल मी नेहमी लक्ष देऊन पाहते. थायरॉइड गरजेपेक्षा जास्त काम करत असेल, रक्त कमी असेल, दम्याचं एखादं औषध चालू असेल किंवा चहा-कॉफी अति होत असेल, तरीही अशीच धडधड होऊ शकते. शरीराची बाजू न तपासताच ‘हे मानसिक आहे’ म्हणून मोकळं होणं हा समोरच्या माणसावर अन्याय आहे. यांच्या बाबतीत मात्र डॉक्टरांनी ती बाजू नीट तपासली होती.

“घरचे म्हणतात, सगळे मनाचे खेळ आहेत. मी नाटक करते का हो?” एवढं बोलून त्या रडायला लागल्या.

नाटक मुळीच नव्हतं. धडधड खरी होती. धोका जाणवला की शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होतं. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही प्रतिक्रिया सविस्तर मांडली. अॅड्रेनालिन रक्तात उतरतं, हृदय वेगाने चालायला लागतं, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून हात गार पडतात आणि पचन मंदावतं. श्वास भराभर चालला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे बोटांना मुंग्या येतात, गरगरतं. यातलं काहीही कल्पनेतलं नाही. पण हृदयात दोष आहे का, हे पाहणाऱ्या तपासणीत ते दिसणार नाही, कारण दोष नाहीच. शरीर नीट चाललंय, फक्त नको तेव्हा सज्ज होतंय.

हे ऐकून त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “म्हणजे मला होतं ते खरं आहे.” माझ्या अनुभवात सुधारणेची सुरुवात पुष्कळदा इथूनच होते. ज्याला स्वतःचा त्रासच खोटा वाटतो, त्याला त्याची काळजी घेता येत नाही.

चिंतेची तीव्रता मोजण्यासाठी ‘जीएडी-७’ नावाची सात प्रश्नांची प्रश्नावली असते. गुण ० ते २१ आणि १५ किंवा त्याहून जास्त म्हणजे तीव्र. त्यांचे १६ आले. नुसत्या प्रश्नावलीवरून निदान होत नाही, पण आपण कुठे उभे आहोत ते कळतं.

मग मी विचारलं, “सध्या तुम्ही स्वतःसाठी काय काय करता?” त्यांनी जी यादी सांगितली ती कुठल्याही तज्ज्ञाने मान डोलवावी अशी होती. रोज चालणं, श्वासाचे व्यायाम, मोबाइलवर ऐकून ध्यान, झोपण्यापूर्वी प्रार्थना. शरीर, मन, आत्मा, काहीच राहिलं नव्हतं. “इतकं करूनही फरक नाही, म्हणजे माझ्यातच काहीतरी बिघडलंय,” त्या म्हणाल्या.

हे सगळं त्या नेमकं कसं करतात ते मी खोदून विचारलं, तेव्हा चित्र स्पष्ट झालं. चालताना नजर मनगटावरच्या स्मार्टवॉचवर. ठोके ११० च्या वर गेले की त्या घाबरून घरी परतायच्या. प्रत्येक दीर्घ श्वासानंतर बोट नाडीवर. ध्यानाला डोळे मिटले की कानात फक्त स्वतःचं हृदय. प्रार्थनेत लक्ष विचलित झालं तर काही वाईट होईल या धास्तीने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. (हे शेवटचं लक्षण ऐकून मंत्रचळाच्या, म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या ओसीडी या आजाराच्या दिशेनेही मी चौकशी केली. तसं काही नव्हतं.)

प्रत्येक उपायाची परीक्षा झाली होती. भीती गेली का, हे पाहण्यासाठीच त्या चालत होत्या आणि त्यासाठीच श्वास मोजत होत्या. दर पाच मिनिटांनी नाडी तपासली जात असेल तर शरीराला त्यातून एकच गोष्ट कळते, की नक्कीच कुठेतरी धोका आहे. चिंताग्रस्त माणसाला कुठलाही चांगला उपाय सुचवण्यापूर्वी तो हा उपाय स्वतःची चाचणी घ्यायला वापरणार नाही ना, हे पाहायला हवं असं मला ठामपणे वाटतं.

सुरुवात शरीरापासून केली. ज्याची झोपच झालेली नाही त्याच्याशी विचारांबद्दल कितीही बोललं तरी ते टिकत नाही. त्या जेमतेम पाच तास झोपत होत्या आणि रात्री जाग आली की आधी ठोके पाहत होत्या. म्हणून पहिल्या आठवड्यात एवढंच ठरलं, की रात्री घड्याळ दुसऱ्या खोलीत ठेवायचं आणि दुपारनंतर कॅफीन घ्यायचं नाही. शरीरातलं निम्मं कॅफीन जायलाच साधारण पाच तास लागतात, त्यामुळे संध्याकाळी घेतलेल्या कपाचा बराचसा भाग झोपायच्या वेळीही अंगात असतो. चालणं मी वाढवायला सांगितलं नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवते, तेवढं त्या आधीच चालत होत्या. फक्त घड्याळ काढून ठेवून चालायचं.

मग खरी कठीण गोष्ट आली. त्यांच्या डॉक्टरांची संमती घेऊन मी त्यांना माझ्या खोलीत जागच्या जागी एक मिनिट धावायला सांगितलं. मुद्दाम ठोके वाढवायचे. पहिल्यांदा त्यांनी साफ नकार दिला. पुढच्या भेटीत त्या धावल्या, धापा टाकत खुर्चीत बसल्या, आणि मी सांगितलं, “आता काहीही करू नका. दीर्घ श्वास नको, पाणी नको, नाडी नको.” काही मिनिटांत ठोके आपोआप खाली आले. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य होतं. कित्येक महिने आपणच ते ठोके खाली आणतोय असं त्या समजत होत्या.

श्वासाचा व्यायाम आम्ही ठेवला, पण त्याची वेळ बदलली. दिवसातून दोनदा, बरं वाटत असताना. श्वास घ्यायला लागतो त्यापेक्षा सोडायला जास्त वेळ, मिनिटाला साधारण सहा श्वास. उच्छ्वासाच्या वेळी व्हेगस मज्जातंतूचा हृदयावरचा प्रभाव वाढतो आणि ठोके थोडे मंदावतात, म्हणून लांब उच्छ्वास. झाल्यावर उठायचं आणि कामाला लागायचं. काय फरक पडला ते पाहायचं नाही.

डोळे मिटून ध्यान मी काही काळ बंद करायला सांगितलं. याचं पुष्कळांना नवल वाटतं. पण काही माणसं शांत बसवली की जास्तच अस्वस्थ होतात, कारण बाहेरचं सगळं थांबलं की आतलाच आवाज मोठा होतो. त्यात त्यांचा काही दोष नसतो. अशा वेळी डोळे उघडे आणि हात कामात असावेत. त्या झाडांना पाणी घालताना पानं निरखायला लागल्या. एवढंही पुरतं.

मनाच्या पातळीवर दोन गोष्टी झाल्या. पहिली, चिंतेसाठी दिवसातली ठरावीक वीस मिनिटं. एरवी विचार आला की वहीत एक ओळ लिहायची आणि तो त्या वेळेसाठी राखून ठेवायचा. वही उघडेपर्यंत निम्म्या ओळी निरर्थक वाटायच्या. उरलेल्यांतल्या ज्यांवर काही करता येईल, त्यांच्यासाठी एक पाऊल ठरवायचं.

दुसरी गोष्ट त्यांच्या पतींची. “मला काही होणार नाही ना?” असं त्या त्यांना दिवसातून अनेकदा विचारत, आणि ते “काही होत नाही गं” म्हणत. तेवढ्यापुरतं बरं वाटे, मग पुन्हा तोच प्रश्न. मी पतींना एका भेटीला बोलावलं. ‘मनाचे खेळ’ म्हणणारे तेच होते, पण समोर बसलेला माणूस दमलेला आणि काळजीत बुडालेला होता. दर वेळी दिलासा दिला की त्याचीही सवय लागते, हे त्यांना समजावलं. नवं उत्तर तिघांनी मिळून ठरवलं: “तुला भीती वाटतेय ना? मी इथेच आहे.” होईल-न होईल याबद्दल काही बोलायचं नाही. पहिले काही दिवस दोघांनाही ते फार जड गेलं.

इथवर बरीच सुधारणा झाली. झोप वाढली, चालणं पूर्ण व्हायला लागलं. तरी वहीत एक ओळ रोज येतच राहिली, ‘कधीही काहीही होऊ शकतं.’

या ओळीबद्दल बोलताना दादाचा विषय निघाला. त्यांचा थोरला भाऊ दोन वर्षांपूर्वी अचानक गेला होता. आणि तो ज्या वयाचा असताना गेला, ते वय त्यांना याच वर्षी पूर्ण होणार होतं. “दादाही धडधाकट होता, मॅडम. त्याचेही रिपोर्ट नॉर्मलच होते.”

विचारांवर काम करताना आम्ही सहसा विचारतो, या विचाराला पुरावा काय? इथे पुरावा त्यांच्या बाजूने होता. कधीही काहीही होऊ शकतं, हे खरंच आहे. त्यांच्याशी वाद घालणं अप्रामाणिकपणाचं झालं असतं, आणि लांब श्वास सोडून या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. शरीराचा प्रश्न विचार करून सुटत नाही, तसा हा प्रश्न तंत्रांनी सुटत नाही. मी याला आत्म्याचा प्रश्न म्हणते. उद्याची हमी नसताना आज कशासाठी उठायचं, हे ज्याच्या आधाराने ठरतं, ते माझ्या लेखी आत्म्याचं क्षेत्र. कुणाला हा आधार श्रद्धेत मिळतो, कुणाला माणसांत, कुणाला कामात किंवा संगीतात. समुपदेशकाने कुणाला श्रद्धा देऊ नये आणि कुणाची काढूनही घेऊ नये. विचारायला मात्र हवं, आणि आमच्या क्षेत्रात ते फार कमी विचारलं जातं.

दादा गेला तेव्हा कागदपत्रं, आई-वडील, वहिनी, सगळं यांनी सांभाळलं होतं. रडायला वेळच मिळाला नव्हता. मी विचारलं, “तुम्ही रोज देवाशी बोलता. त्यात दादाबद्दल कधी बोललात?” त्यांनी मान हलवली. प्रार्थनेत दोन वर्षं एकच मागणं होतं, मला काही होऊ देऊ नकोस. त्यानंतर त्यांनी दादाला एक पत्र लिहिलं. त्यात प्रेम होतं आणि रागही होता, न सांगता निघून गेल्याचा. ते त्यांनी माझ्यासमोर वाचलं. त्या दिवशी मी जवळजवळ काहीच बोलले नाही. प्रार्थना पुढे चालू राहिली, पण पुन्हा पहिल्यापासून सुरू करणं हळूहळू थांबलं. त्या म्हणाल्या, “आता मी पाठ म्हणत नाही, बोलते.”

दादाची मुलगी शाळेत शिकत होती. तिच्याकडे जाणं त्यांनी धडधडीमुळे बंद केलं होतं. त्या घराच्या पायरीवरच ठोके वाढायचे. पुढचं पाऊल त्यांनी स्वतःच ठरवलं: आठवड्यातून एकदा जायचं आणि भाचीचं गणित घ्यायचं. पहिल्या दिवशी धडधडलं. त्या उठल्या नाहीत, गणित सोडवत राहिल्या. भीती टाळायची नाही हे मनाचं काम, ठोके आपोआप उतरू द्यायचे हे शरीराचं, आणि दादाच्या लेकीजवळ बसायचं हे आत्म्याचं. इतके दिवस आम्ही वेगवेगळ्या करत असलेल्या तिन्ही गोष्टी त्या एका तासात एकत्र आल्या.

काही महिन्यांनी प्रश्नावलीत ६ गुण आले. दादाचं वय त्यांनी ओलांडलं त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. त्यांनी नवऱ्याला उठवलं, दोघं दादाच्या आठवणी काढत बसले. त्याला मी त्रास उलटला असं म्हणत नाही.

प्रत्येकाचा मार्ग असाच नसतो. काहींना मनोविकारतज्ज्ञांकडून औषध घ्यावं लागतं आणि त्यात कमीपणा काहीच नाही. चिंतेवर सहसा दिल्या जाणाऱ्या एसएसआरआय गटातल्या औषधांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि ती मनाने एकदम बंद करायची नसतात. छातीत नव्याने दुखायला लागलं, कळ हातात किंवा जबड्यात गेली, दम लागला किंवा शुद्ध हरपली तर चिंतेच्या नावावर ढकलू नका, थेट रुग्णालय गाठा. जगणं नको असे विचार येत असतील तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि मदत घ्या.

सहा महिने बहुतेक दिवस चिंता आवरत नसेल, तर समुपदेशकाकडे जा. जाताना फाइल घ्याच, पण एका कागदावर तीन गोष्टीही लिहून न्या: त्रास कधीपासून सुरू झाला, त्याच्या आसपास आयुष्यात काय घडलं होतं, आणि भीतीमुळे तुम्ही काय काय करणं सोडलं आहे. बहुतेक लोक शेवटचं लिहायला विसरतात. मी आधी तेच वाचते.